तेरा नंबरची दोन घरं

चीनची भिंत पाहिली. लांब आहे. शीआनचे मातीचे सैनिक पाहिले. ते रांगेत उभे आणि त्यांना बघायला आम्हीही रांगेत. शांघायला पाऊस होता. आठ दिवसांच्या सहलीतले सात दिवस डोक्यात एवढेच उरलेत, कारण बसमधून उतरा, झेंडेवाल्या मुलीच्या मागे चाला, फोटो काढा, परत बस, आणि संध्याकाळी भारतीय हॉटेलात पनीर. रोज पनीर. सुनंदा, म्हणजे आमची ही, अलिबागची. समुद्रकाठच्या बाईला आठवडाभर पनीर खाऊ घालणाऱ्या सहल कंपनीचं नाव इथे घेत नाही. पैसे भरताना "जेवण आपलंच असतं ना?" असं मीच दोनदा विचारून घेतलं होतं, त्यामुळे तक्रारीला तोंडही नाही.

लिहायला बसलोय ते उरलेल्या एका दिवसाबद्दल. छापील कार्यक्रमात त्याला 'मोकळा दिवस' म्हटलं होतं, म्हणजे खरेदी. सकाळी मोत्यांचं दुकान, मग रेशमाचं, मग चहाचं. आदल्या रात्री मी टूर मॅनेजरला सांगितलं, आम्ही दोघं येत नाही, आम्हाला एका चित्रकाराचं घर बघायचंय. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याला दवाखान्यात जायचंय म्हणणारे काका भेटले असतील, हे नवीन होतं.

"काका, स्वतःच्या जबाबदारीवर हां. आणि काकू, तुम्ही पण?"

"मोती घरी आहेत," सुनंदा म्हणाली.

चित्रकाराचं नाव छी बाइशी. नाव ऐकून ती हसली होती. "छी? असं कसं हो नाव?" मी म्हटलं, छी हे आडनाव, आणि बाइशी म्हणजे पांढरा दगड. "मग पांढरा दगडच म्हणू या." दिवसभर आम्ही तेच म्हणत होतो, पण इथे त्याचं खरं नाव वापरतो.

हे नाव मला कुठे भेटलं, तर पेपरात. डिसेंबर २०१७. बँकेतली माझी शेवटची काही वर्षं चालू होती. बातमी अशी की बीजिंगच्या एका लिलावात ह्या माणसाने १९२५ साली काढलेल्या बारा निसर्गचित्रांचा संच ९३ कोटी १५ लाख युआनला गेला. म्हणजे चौदा कोटी डॉलर, आपले साधारण नऊशे कोटी. दहा कोटी डॉलरचा आकडा ओलांडणारा हा पहिला चिनी चित्रकार. बँकेतल्या माणसाचे डोळे आकड्यावर अडकायला हवेत. माझे अडकले त्याखालच्या ओळीवर: चित्रकार मूळचा सुतार.

ते का अडकले हे सांगतो, पण आधी त्या घरापर्यंत पोचू दे.

पहिलं घर यूअर नावाच्या हुथोंगमध्ये, तेरा नंबर. हुथोंग म्हणजे बीजिंगच्या जुन्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना करड्या विटांच्या भिंती आणि आत चौकाची घरं. गल्ली शांत आहे, पण तिथे पोचायला जी मोठी गल्ली पार करावी लागते, नानलुओगूश्यांग, ती म्हणजे दिवाळीच्या आधीच्या रविवारची तुळशीबाग. काडीला खोचलेली फळं, काडीला खोचलेलं मांस, काडीला खोचलेलं आणखी काहीतरी ज्याला पाय होते. सगळे फोनवर पैसे देत होते. मी शंभराची नोट काढली की विक्रेता ती, आपल्याकडे पाहुण्यांनी आणलेल्या आंबट द्राक्षांकडे बघतात, तशी बघायचा. पाण्याची एक बाटली घ्यायला मला अकरा मिनिटं लागली. सुनंदा म्हणाली, मोजताय कशाला.

मग उजवीकडे-डावीकडे करत एकदाची ती गल्ली, ते दार, आणि आत एकदम गप्प चौक. मधोमध म्हाताऱ्याचा पुतळा: लांब दाढी, लांब झगा, हातात काठी. चारी बाजूंनी खोल्या. भिंतींवर चित्रं आहेत, पण बहुतेक छापील प्रती. मूळ चित्रं दुसरीकडे. मला जरा फसवल्यासारखं झालं. त्यात वाचल्यावर कळलं की ह्या घरात तो राहिला जेमतेम काही महिने! १९५५ मध्ये सरकारने हे घर दुरुस्त करून त्याला दिलं. म्हातारा तेव्हा नव्वदीच्या पुढे. आला, राहिला, करमेना, आणि पुढच्या वसंतात परत आपल्या जुन्या घरी निघून गेला.

"आईंना आपण कोथरूडला आणलं होतं ते किती दिवस टिकल्या?" सुनंदाने विचारलं.

"तीन महिने."

"हं. मग."

तिच्या मते ह्यावर आणखी काही समजून घ्यायची गरज नव्हती.

छीचा जन्म १ जानेवारी १८६४चा, हूनान प्रांतातल्या श्यांगथान भागातल्या एका खेड्यातला. घरात शेती थोडी आणि तोंडं पुष्कळ. आजोबांनी त्याला पहिली अक्षरं शिकवली ती चुलीच्या राखेत, चिमट्याने रेघोट्या ओढून. मग आईच्या वडिलांच्या शाळेत वर्षभरही गेला नसेल, घरी हात कमी पडतात म्हणून काढून घेतला आणि म्हशीमागे लावला. पुस्तक म्हशीच्या शिंगाला अडकवून न्यायचा. पोर अशक्त, म्हणून आजीने त्याच्या गळ्यात एक लहानशी घंटा बांधली होती. संध्याकाळी तिचा आवाज आला की आजी चूल पेटवायची. म्हातारपणी त्याने स्वतःसाठी शिक्का कोरला, 'घंटा घालणारा'. एवढं वाचून सुनंदा थोडा वेळ बाकावर बसली. मी पाय दुखतात म्हणून बसलो.

नांगर धरायची ताकद नाही, म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी त्याला सुतारकामाला घातलं. आधी जाड कामाच्या सुताराकडे: घराचे वासे, तुळया, चौकटी. तुळई पेलेना, त्या सुताराने परत पाठवला. दुसऱ्याकडे लावला. एके दिवशी गुरू आणि तो रस्त्याने येत असताना समोरून तीन माणसं आली. खांद्यावर हत्यारं, पोशाख ह्यांच्यासारखाच, म्हणजे सुतारच. पण गुरू वाट सोडून कडेला उभा राहिला, हात खाली सोडून, अगदी नम्र. ते गेल्यावर पोराने विचारलं, आपणही सुतार, तेही सुतार, मग हे कशाला? गुरू रागावला. ते बारीक कामाचे, नक्षीवाले. आपण जाड कामाचे. आपण त्यांची बरोबरी करायची नाही. पोराच्या मनात तेव्हाच ठरलं आणि तो नक्षीकाम करणाऱ्या चौ नावाच्या कारागिराकडे शिकायला गेला. पुढे पंचक्रोशीत 'झी सुतार' म्हणून त्याचं नाव झालं. झी हे त्याचं लहानपणीचं नाव.

आमच्या आजोबांचं काम जाड. बैलगाडीची चाकं, जू, नांगर, मोट होती तोवर मोटेचा लाकडी सांगाडा. गावाचे बलुतेदार. सुगीला खळ्यावर जायचं आणि वर्षाचं धान्य घेऊन यायचं. ते काम जाड होतं हे मला बीजिंगमध्ये कळलं, कारण त्यात भेद असतो हेच मला कोणी सांगितलं नव्हतं. घरात त्यावर बोलणंच नव्हतं.

मूळ चित्रं आहेत छाओयांग बागेजवळ, बीजिंग चित्र अकादमीच्या संग्रहालयात. म्हातारा शेवटच्या वर्षी, १९५७ मध्ये, ह्याच संस्थेचा पहिला मानद अध्यक्ष झाला होता आणि तो गेल्यावर घरच्यांनी त्याची चित्रं देऊन टाकली. आज दोन हजारांहून जास्त कामं तिथे आहेत. आम्ही मेट्रो बदलत, चुकत, परत येत दुपारी पोचलो. बाहेर नूडल्स खाल्ले. सुनंदाच्या वाटीत एक खरी कोळंबी निघाली आणि तिचा चेहरा सात दिवसांत पहिल्यांदा उजळला.

आत गेल्यावर दुसरी कोळंबी भेटली.

छी बाइशी म्हटलं की चीनमध्ये कोणीही आधी कोळंबीचंच नाव घेतं. पांढरा कागद, पाणी काढलेलंच नाही, आणि फिक्या काळ्या शाईत सहा-सात कोळंब्या. हा जो कागद असतो तो शाई पितो. कुंचला क्षणभर जास्त टेकला की फिसकटला. खोडरबर नाही, दुसरा थर नाही. एक टेक म्हणजे पाठीचा एक पेर. पाणी जास्त, शाई कमी, आणि कडा आपोआप ओलसर होऊन पारदर्शक दिसते. त्याने टेबलावर वाडग्यात जिवंत कोळंब्या पाळल्या होत्या, काडीने डिवचून त्या उडी कशी मारतात ते बघायचा. साठीपर्यंत त्या हुबेहूब यायच्या. मग त्याने कमी करायला सुरुवात केली. पोटाखालचे पाय आधी दहा काढायचा, मग आठ, मग सहा, शेवटी पाच. पाय कमी होत गेले तशी कोळंबी जास्त पोहायला लागली.

हे मी पाटीवरच्या इंग्रजीतून सुनंदाला सांगत होतो. ती काचेला नाक लावून उभी.

"हा काळा फराटा बघितलात का, डोक्यातला?"

प्रत्येक कोळंबीच्या डोक्यात, फिक्या शाईच्या मधोमध, गडद शाईचा एक तुकडा होता. मी म्हटलं, उठाव यावा म्हणून काढला असेल.

"उठाव कसला! घाण आहे ती. डोक्यापासून निघते आणि पाठीतून काळा धागा जातो. ताज्या कोळंबीत बाहेरून दिसते. आपण काढून टाकतो ना साफ करताना." मग जरा मागे सरकून म्हणाली, "ह्याने वाडग्यात बघून काढली हे खरंय हो."

मी आयुष्यात बरीच चित्रप्रदर्शनं पाहिली, त्यातल्या अर्ध्यांत समोरच्या पाटीपेक्षा जास्त काही दिसलं नाही. त्या दिवशी माझ्या शेजारी एक जाणकार उभी होती आणि तिने नूडल्सचं बिल माझ्याकडून भरून घेतलं होतं.

पुढच्या दालनात किडे होते. नाकतोडे, चतुर, मधमाशी. पंखातली शीर न् शीर, मिशीचा केस न् केस. आणि ज्या पानावर तो किडा बसलाय ते पान मात्र दोन-चार फटकाऱ्यांत. काही कागदांवर नुसताच किडा, बाकी सगळा कागद कोरा. कारण वाचून मी हललो. डोळे शाबूत आहेत तोवर त्याने किडे काढून ठेवले होते, ढिगाने. पुढे नजर गेली की पानं-फुलं टाकून चित्र पुरं करता येईल, फराट्यांना नजर लागत नाही. निवृत्तीच्या नियोजनावर आमच्या बँकेत मी स्वतः भाषणं दिली आहेत. असं नियोजन कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग शिक्के.

चिनी चित्राच्या कोपऱ्यात लाल शिक्का असतो तो चित्रकाराने बहुधा दुसऱ्याकडून कोरून घेतलेला असतो. ह्याचे ह्याने स्वतः कोरले. तरुणपणी एकाला त्याने विचारलं होतं, कोरणं शिकायचं कसं? त्याने सांगितलं, एक कावड भरून दगड आण, कोर, घास, पुन्हा कोर. तीन-चार पेट्या भरतील एवढी दगडाची माती झाली की जमेल. ह्याने ते शब्दशः केलं. त्याच्या शिक्क्यातली रेघ एकाच बाजूने पातं मारून काढलेली असते, एक कड गुळगुळीत आणि दुसरी फुटलेली. पटाशीने लाकूड फोडल्यावर जशी फुटते तशी.

काचेखाली पंधरा-वीस शिक्के आणि त्यांचे ठसे मांडले होते. पाट्या फक्त चिनीत. शेजारी एक कॉलेजची मुलगी वहीत काहीतरी उतरवत होती. मी खुणेने विचारलं. तिने आपला फोन काचेवर धरला आणि फोनने इंग्रजीत भाषांतर केलं, ते मी सुनंदाला मराठीत सांगत गेलो.

"लाकडी माणूस."

"म्हणजे?"

"पुढचा... लू बानच्या दारचा." मुलीने समजावलं, लू बान म्हणजे सुतारांचा देव. आपल्याकडे विश्वकर्मा, तसा. "आणि हा, थोर सुताराचं दार."

मुलगी हसून म्हणाली, तो सुतार होता ना, सगळ्यांना माहीत आहे.

सगळ्यांना माहीत आहे. कसं माहीत? त्यानेच सांगितलं म्हणून. नव्वद वर्षांचं आयुष्य, अर्धं राजधानीत, विद्वानांच्या शहरात, आणि हा माणूस चित्राच्या कोपऱ्यात लाल शाईने ठोकतोय, मी सुतार. मी तिथे उभा राहून तो 'लाकडी माणूस' किती वेळ बघत होतो कोण जाणे. दोन अक्षरं आहेत फक्त. पहिलं, झाडासारखं, लाकूड. दुसरं, दोन पायांचं, माणूस.

आता सांगतो. आमचं आडनाव सुतार होतं. १९६१ साली, नोकरीला लागल्यावर दोन वर्षांनी, वडिलांनी ते बदललं. गावाच्या नावाला 'कर' जोडला, गॅझेटात छापून आणलं. कचेरीतला हेडक्लार्क रोज सकाळी म्हणायचा, "अरे सुतारा, ही खुर्ची हलतेय रे, जरा बघ." सगळे हसायचे. वडीलही हसायचे. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, ते गेल्यावर त्यांच्या एका मित्राने सांगितलं. आजोबा वारले तेव्हा रंधे, वाकस, करवती, गिरमिट सगळं भंगारवाल्याने नेलं. एक पटाशी राहिली, कारण आई तिने डालड्याचे डबे उघडायची. आणि शाळेत मास्तरांनी विचारलं, आजोबा काय करायचे, तर मी सांगायचो, लाकडाचा व्यवसाय. हे उत्तर मी पुढे बँकेतही दिलं. 'व्यवसाय' म्हटलं की माणसं वखारीचं चित्र डोळ्यापुढे आणतात.

छीचंही नाव गावावरून पडलं, हे मला आधीच वाचून माहीत होतं. सत्ताविसाव्या वर्षी हू नावाच्या एका जमीनदार-विद्वानाने त्याचं काम पाहून त्याला शिष्य केलं, आणि जवळच्या बाइशी नावाच्या टपालवाटेच्या थांब्यावरून हे नाव दिलं. नाव गावाचं आमचंही, त्याचंही. आमचं घेतलं ते झाकायला.

त्याला कोणी हेडक्लार्क भेटले नाहीत असं नाही. उमेदीत लोक त्याच्याकडून चित्र काढून घ्यायचे आणि सांगायचे, चित्र काढ, पण त्यावर स्वतःचं नाव लिहू नकोस. सुताराची सही दिवाणखान्यात नको. हे त्याने म्हातारपणी आठवणी सांगताना सांगितलंय, आणि सांगताना त्या लोकांना चांगल्या शिव्याही घातल्यात.

"सुनंदा, आपण कधी..."

"आपण नाही. तुम्ही." ती अजून शिक्केच बघत होती. "माझ्या भावाच्या दुकानावर पाटी काय आहे? तुम्ही लग्नाला आलात तेव्हापासून तीच आहे."

खरं आहे. तिच्या माहेरी आडनाव तेच राहिलं आणि रंधाही चालू राहिला. लग्न जमलं तेव्हा आमच्या वडिलांना त्या पाटीचीच अडचण वाटली होती, जात एक असून.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. तिने पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली.

खरं तर इथे दिवस संपायला हवा होता, पण मला ते दुसरं घर बघायचंच होतं, जिथे तो खरा राहिला. क्वाछअ हुथोंग, शहराच्या पश्चिमेला. तेही तेरा नंबर. आता नावाचंच हुथोंग आहे. गल्ली पाडली, सभोवती बँका आणि विमा कंपन्यांच्या काचेच्या इमारती, आणि त्यांच्या पायाशी एक बसकं करडं घर. लग्नाच्या फोटोत चुकून आलेल्या म्हाताऱ्यासारखं. दाराला कुलूप. दगडी पाटी, खाली कोणीतरी लावलेली सायकल. टूर मॅनेजर असता तर म्हणाला असता, काका, ह्यासाठी मोती सोडलेत?

पण गोष्टी सगळ्या ह्या दारामागच्या. हूनानमध्ये दरोडेखोरांचा उपद्रव वाढला म्हणून १९१७ साली तो राजधानीत आला, १९१९ पासून कायमचा. वय पंचावन्न. एका पंख्यावरच्या चित्राचे दोन चांदीचे युआन मागायचा, इतरांपेक्षा निम्मे, तरी कोणी विचारेना. छन शिझंग नावाच्या चित्रकार मित्राने सांगितलं, तुझी चित्रं फार निवांत, फार थंड. स्वतःचं काहीतरी काढ. ह्याने हातचं सगळं सोडून साठीच्या उंबऱ्यावर नव्याने सुरुवात केली. काळ्या शाईची पानं आणि त्यावर लालभडक फूल, ही त्याची ओळख तेव्हाची. दहा वर्षं लागली त्याला. १९२२ साली छनने ह्याची चित्रं टोकियोच्या प्रदर्शनात नेली, आणि बीजिंगमध्ये दोन युआनला न जाणारा माणूस तिथे एकेका फुलाच्या चित्राला शंभर युआन घेऊन गेला. हातभर निसर्गचित्राला अडीचशे. परदेशात नाव झालं की गाववाले विचारायला लागतात, हे फक्त आपल्याकडेच होतं असं मला वाटायचं.

१९२६ मध्ये हे घर विकत घेतलं. लोखंडी गज लावले. दारावर म्हातारा द्वारपाल, एकेकाळी राजवाड्याच्या सेवेत असलेला खोजा. खोलीत भिंतीवर दरपत्रक: चित्राच्या किमतीत ओळखदेख चालणार नाही, सभ्य माणसाला लाज असते, दराप्रमाणे पैसे द्या. कनवटीला किल्ल्यांचा जुडगा, आणि तांदूळ रोज स्वतः मापून द्यायचा. चिक्कू म्हणा हवं तर. ज्याच्या घरी बलुतं एखाद्या वर्षी कमी आलंय त्याला विचारा. आमचे आजोबाही कणगीवर हात ठेवूनच झोपायचे असं आई सांगायची.

पाहुणा आला की म्हातारा कपाट उघडून दोन बशा पुढे करायचा: एकीत मूनकेक, म्हणजे सारण भरलेली चिनी मिठाई, एकीत शेंगा. पहिल्यांदा येणाऱ्याला बरोबरचा माणूस आधीच बजावून ठेवायचा, खाऊ नकोस. कारण त्याच त्या बशा, किती महिन्यांच्या कोणास ठाऊक. मूनकेकच्या आत बारीक काहीतरी हलताना दिसायचं. पाहुणा आभार मानायचा, म्हातारा बशा परत कपाटात. आदरातिथ्य पार पडलं! मी आठ दिवस ज्या हॉटेलातल्या नाश्त्याला नावं ठेवत होतो ते मागे घेतो.

शहर जपानी सैन्याच्या ताब्यात होतं तेव्हा ह्याच दारावर त्याने कागद चिकटवला, म्हाताऱ्याचं हृदयाचं दुखणं उलटलंय, भेटीगाठी बंद. पुढे आणखी एक, सरकारी अधिकाऱ्यांना चित्र विकणार नाही. त्या काळात त्याने खेकडे काढले आणि वर लिहिलं, बघतो किती दिवस आडवा चालतोस.

सुनंदाला ह्यातलं सगळ्यात आवडलं ते वयाचं. १९३७ मध्ये एका ज्योतिषाने त्याला सांगितलं, यंदाचं वर्ष घातक आहे, वय पंचाहत्तर आहे ते एकदम सत्त्याहत्तर कर, म्हणजे ग्रह फसेल. ह्याने केलं. तेव्हापासून चित्रावर दोन वर्षं वाढवून वय लिहायचा. १६ सप्टेंबर १९५७ला गेला तेव्हा खरं वय त्र्याण्णव आणि चित्रांवर सत्त्याण्णव. चिनी पद्धतीत जन्मतः एक धरतात आणि नवं वर्ष लागलं की आणखी एक, त्याचीही त्यात भर.

"बाबांचं एक जूनच ना?" तिने विचारलं.

हो. बाबांचंही एक जून, आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचंही; शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेलं. आडनाव गॅझेटातलं, जन्मतारीख मास्तरांची.

मी दाराला हात लावला. शेजारच्या इमारतीचा रखवालदार लगेच पुढे आला, काहीतरी म्हणाला. मी हाताने रंधा मारल्याची खूण केली, छातीवर बोट ठेवलं. त्याला काय कळलं देव जाणे. तो मागे फिरला आणि सिगारेट पेटवून उभा राहिला. चौकटीचा जोड दाराच्या रंगाखाली झाकला गेला होता. मी अंगठ्याने चाचपला. लहानपणी आजोबा माझा अंगठा धरून असंच चाचपायला लावायचे, फट लागते का बघ म्हणून. लागली नाही.

परत हॉटेलवर पोचलो तर बस मोत्यांहून यायची होती. फुटपाथवर एक बाई गुंडाळ्या विकत होती, कोळंबीच्या. दोनशे सांगितले, सुनंदाने साठावर आणले. भिंतीवरच्या दरपत्रकाची मला आठवण झाली, पण बोललो नाही. संध्याकाळी पनीर होतं.

पुण्याला आल्यावर मी म्हटलं, चौकट करून घेऊ, कोपऱ्यावर दुकान आहे. ती म्हणाली, भावाकडे नेऊ. नेलं. अलिबागला दुकानाच्या दारात, त्या पाटीखाली, मेव्हण्याने गुंडाळी फळीवर पसरली, चारी कोपऱ्यांवर खिळ्यांचे डबे ठेवले आणि बघत राहिला.

"साग लावू?"

"लाव," मी म्हटलं. "पैसे घ्यायचे हां. ह्या चित्रकाराच्या घरात ओळख चालत नव्हती."

तेवढ्यात सुनंदा आतून चहा घेऊन आली आणि चष्मा सरकवून वाकली.

"अहो, ह्यांच्यात धागा कुठाय?"

खरंच, एकाही कोळंबीच्या डोक्यात तो काळा फराटा नव्हता.

"साफ केलेली दिली तुम्हाला," ती म्हणाली. "म्हणून साठला सोडली तिने."